न कमावलेले दान : ख्रिस्ती श्रद्धेतील कृपा आणि उपकारस्तुती

संकल्पना

ख्रिस्ती धर्मशास्त्रात कृपा म्हणजे माणसाची पात्रता न पाहता देवाने स्वतःहून दिलेले दान. जीवन, अन्न, पाऊस, सूर्यप्रकाश हे सारे या दानात येते. परंतु त्याचा गाभा येशू ख्रिस्ताचे जीवन, वधस्तंभावरील मृत्यू आणि पुनरुत्थान यांत आहे, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. दया आणि कृपा यांत धर्मशास्त्रज्ञ थोडा भेद करतात. दयेमुळे वाट्याला आलेली शिक्षा टळते, तर कृपेमुळे जे कधीच हक्काचे नव्हते ते पदरात पडते. या दानाला माणसाने दिलेला प्रतिसाद म्हणजे कृतज्ञता; मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तिला उपकारस्तुती म्हणतात. दान फेडण्यापलीकडचे असेल तर प्रतिसाद कोणत्या स्वरूपात द्यायचा, हा मात्र सरळ प्रश्न नाही. ख्रिस्ती इतिहासातील काही मोठे वाद याच प्रश्नातून उद्भवले.

रोमन जगातील देणगी

ख्रिस्ती धर्म ज्या भूमध्य समुद्राकाठच्या समाजात वाढला, तेथे देणगी ही निव्वळ भावनेची बाब नव्हती. श्रीमंत आश्रयदाता नगराला स्नानगृह बांधून देई, आश्रितांना धान्य आणि संरक्षण देई. त्याच्या बदल्यात त्याला निष्ठा, मान आणि शिलालेखावर नाव मिळे. पहिल्या शतकातील तत्त्वज्ञ सेनेका याने उपकार कसे करावेत आणि कसे घ्यावेत यावर सात खंडांचा ग्रंथ लिहिला. देव दुष्टांवरही सूर्य उगवतात हे त्याला ठाऊक होते; तरीही माणसाने देणगी देताना घेणारा पारखून घ्यावा, असाच त्याचा सल्ला होता. अपात्राला दिलेली देणगी ही देणाऱ्याच्या विवेकातील उणीव मानली जाई. देणे, स्वीकारणे आणि परत देणे या तीन बंधनांनी समाज कसा बांधला जातो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये अनेक संस्कृतींच्या आधारे दाखवले. ख्रिस्ती कृपेची कल्पना या पार्श्वभूमीवर ठेवली की तिच्यातील खटकणारा भाग नेमका कोणता ते दिसते. देव फुकट देतो हे त्या काळी कोणालाही नवे वाटले नसते. अपात्राला देणे ही उणीव न ठरता देवाच्या दानाचा गाभाच ठरावी, हे मात्र नवे होते.

द्राक्षमळ्यातील मजुरी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातील दाखला या कल्पनेची सर्वांत नेमकी मांडणी करतो. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन एका दीनारावर मजूर ठरवतो. एक दीनार म्हणजे त्या काळची साधारण एका दिवसाची मजुरी. कुटुंबाचे त्या दिवसाचे पोट त्यावर चाले. मालक पुन्हा सकाळी नऊच्या सुमारास जातो, दुपारी बाराला जातो, तीनला जातो. सायंकाळी पाचलाही त्याला काही माणसे रिकामी उभी दिसतात. मजूर नाक्यावर दिवस चढल्यानंतर कोण उरते, हे मराठी शहरांत राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही: म्हातारे, अशक्त, ओळख नसलेले. ही माणसेही आळशी नाहीत. आपल्याला कोणी कामाला घेतलेच नाही, एवढेच ती सांगतात. संध्याकाळी सर्वांना एकेक दीनार मिळतो आणि पहाटेपासून राबलेले मजूर कुरकुर करतात.

या दाखल्यातील एक तपशील वाचताना सहज निसटतो. मालक कारभाऱ्याला शेवटी आलेल्यांपासून पैसे वाटायला सांगतो. वाटप पहिल्यांपासून सुरू झाले असते, तर ते ठरलेला दीनार घेऊन घरी गेले असते आणि तक्रारीला जागाच उरली नसती. कथेने त्यांना मुद्दाम थांबवून ठेवले आहे, ते इतरांना मिळालेले पाहावे म्हणून. पहाटेच्या मजुरांवर अन्याय झालेला नाही, करार तंतोतंत पाळला गेला आहे. त्यांना सलते ती तुलना. औदार्याचा पहिला परिणाम नेहमी आनंदच असतो असे नाही, कधी तो मत्सरही असतो, हे निरीक्षण या कथेत अगदी रोकडे आहे. लूकच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या कथेतही शेवटचा पेच थोरल्या भावाचाच आहे. परतलेल्या धाकट्यासाठी पुष्ट वासरू कापले जाते आणि इमानाने राबलेला थोरला घराबाहेर उभा राहतो. तो आत गेला की नाही, हे कथा सांगत नाही.

पौलाची मांडणी

दाखल्यांतील ही कल्पना प्रेषित पौलाच्या पत्रांत सिद्धांताचे रूप घेते. ही पत्रे इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकातील असून लिखित शुभवर्तमानांपेक्षा जुनी मानली जातात. पौल स्वतः आरंभी ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा होता. त्यामुळे अपात्राला मिळालेले दान हा त्याच्यासाठी चरित्रातील अनुभव होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो मजुरी आणि दान यांची फारकत करतो: काम करणाऱ्याला मिळते ते देणे असते, कृपा नसते. माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रातील कर्मांच्या बळावर नव्हे, विश्वासाने, असे त्याचे प्रतिपादन आहे. वंश, सामाजिक दर्जा, सदाचार यांपैकी कोणतीही पूर्वपात्रता मान्य केली नाही की यहुदी आणि इतर, दास आणि स्वतंत्र हे एकाच पंगतीला येऊन बसतात. कृपेचा सिद्धांत असा थेट समाजरचनेला जाऊन भिडतो. याकोबाचे पत्र मात्र कृतीवाचून विश्वास मृत आहे असे बजावते. दोन्ही पत्रे एकाच नव्या करारात शेजारी ठेवली गेली आणि त्यांच्यातील ताण पुढच्या सर्व वादांना पुरून उरला.

कृपेचे सहा पैलू

सर्व ख्रिस्ती पंथ कृपा मानतात. मग त्यांच्यात कृपेवरून एवढे वाद का झाले? या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर ब्रिटिश नव्या करार-अभ्यासक जॉन बार्कले यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पौलविषयक ग्रंथात दिले. दानाची कल्पना सहा दिशांनी टोकाला नेता येते, असे ते दाखवतात. दान अमाप आहे, असे कोणी म्हणेल. देणारा केवळ देणाराच आहे, तो न्यायनिवाडा किंवा कोप करीतच नाही, असे दुसरा म्हणेल. दान घेणाऱ्याच्या कोणत्याही हालचालीच्या आधीच दिले गेले. ते घेणाऱ्याच्या योग्यतेशी विसंगत आहे. ते घेणाऱ्यात बदल घडवून आणतेच. आणि त्याच्या बदल्यात काहीही अपेक्षित नाही, हे उरलेले चार पैलू. एक पैलू स्वीकारला म्हणून बाकीचे पाच आपोआप स्वीकारले जात नाहीत. दोन माणसे कृपा हा एकच शब्द वापरून भिन्न पैलूंवर भर देत असली, तर एकाला दुसरा कृपेचा वैरी वाटू लागतो. बार्कले यांच्या मते पौलाचा भर विसंगतीवर आहे, परतफेडीच्या अभावावर नाही. दान विनाअट मिळाले तरी त्याच्यामागून जबाबदारी येते. आधुनिक काळात खरे दान म्हणजे ज्यात कसलीही अपेक्षा नाही ते, अशी समजूत रूढ झाली आहे. पौलाच्या जगाला ही कल्पना बरीचशी परकी होती.

ऑगस्टिन आणि पेलाजियस

पाचव्या शतकाच्या आरंभीचा वाद या सहा पैलूंच्या उजेडात स्पष्ट होतो. पेलाजियस हा ब्रिटनमधून रोममध्ये आलेला तपस्वी. नैतिक शैथिल्याने तो अस्वस्थ होता. देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा, नियमशास्त्र आणि ख्रिस्ताचे उदाहरण दिले आहे, हीच मोठी कृपा. आता चांगले वागणे माणसाच्या हाती आहे, असे त्याचे म्हणणे. कृपा अमाप आहे आणि आधीच मिळालेली आहे, हे तो आनंदाने मान्य करी. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याला हे अपुरे वाटले. त्याच्या मते मूळ पापामुळे माणसाची इच्छाशक्तीच रोगट झालेली आहे. आजारी माणसाला व्यायामाचे नियम सांगून भागत नाही. चांगले हवेसे वाटणे, हेच मुळात कृपेचे कार्य. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलाजियसची मते नाकारली. ५२९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील ऑरेंजच्या परिषदेने विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो असे ठरवले. मात्र देवाने काहींना पापासाठीच नेमले आहे, ही कल्पना तिने स्पष्टपणे फेटाळली. ऑगस्टिनची भूमिका जिंकली, पण तिचे कठोर टोक चर्चने घासून बोथट केले, असे म्हणता येईल.

पापक्षमापत्रांचा वाद

मध्ययुगीन चर्चमध्ये पापक्षमापत्रांची प्रथा होती. शिकवणीनुसार या पत्राने पापाची क्षमा होत नसे; क्षमा झालेल्या पापाबद्दल भोगावयाची तात्पुरती शिक्षा कमी होई, आणि त्यासाठी ख्रिस्त व संतांच्या पुण्याचा साठा उपयोगी पडे. व्यवहारात सामान्य माणसाला हा भेद कळत नसे आणि विकणाऱ्यांना तो कळू देण्याची फारशी निकड नव्हती. रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी पैसा हवा होता. योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक जर्मनीत पत्रे खपवत फिरत होता, तेव्हा विटेनबर्ग येथील मठवासी प्राध्यापक मार्टिन ल्यूथर याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ प्रबंध मांडले. त्याचा आक्षेप लवकरच पत्रांपलीकडे गेला. माणूस केवळ कृपेने आणि केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. सत्कर्मे त्यानंतर येतात, झाडाला फळ यावे तशी, असे तो सांगू लागला.

कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत (१५४५–१५६३) उत्तर दिले. १३ जानेवारी १५४७ च्या ठरावात कृपा पुण्याईने कमावता येत नाही, हे कॅथलिक बाजूनेही निःसंदिग्धपणे सांगितले आहे.  मतभेद त्यापुढचा होता. कृपेने हलवलेली मानवी इच्छा तिला होकार देऊन सहकार्य करते आणि नकारही देऊ शकते, असे ट्रेंटने म्हटले. प्रॉटेस्टंटांमध्येही याच मुद्द्यावर फूट पडली: नेदरलँड्समधील डॉर्टच्या सभेने (१६१८–१९) कृपा नाकारता येत नाही असे ठरवले, तर अठराव्या शतकात जॉन वेस्ली याने प्रत्येक माणसाला आधीच स्पर्श करणारी, पण नाकारता येणारी कृपा शिकवली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्र केले. मूलभूत सत्यांवर एकमत असल्याचे आणि उरलेले भेद परस्परांच्या निषेधाला पुरेसे नसल्याचे त्यात नमूद आहे. २००६ मध्ये मेथडिस्टांची जागतिक परिषद त्यात सामील झाली.

पौर्वात्य परंपरा

ग्रीक व रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा वाद जवळपास झालाच नाही. तेथे प्रश्न न्यायालयीन भाषेत मांडला जात नाही. चौदाव्या शतकातील ग्रेगरी पालामास याच्या शिकवणीनुसार कृपा म्हणजे देवाची स्वतःची अनिर्मित शक्ती. देवाचे सार अगम्य राहते, पण या शक्तीत माणूस सहभागी होतो आणि हळूहळू देवसदृश होत जातो. दान आणि दाता येथे वेगळे काढता येत नाहीत.

कृतज्ञतेचे घटक

तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने कृतज्ञतेला न्यायाशी संलग्न सद्गुण मानले. त्याच्या विवेचनात तिच्या तीन पायऱ्या आहेत: उपकार झाला हे ओळखणे, तो शब्दांत मान्य करणे, आणि योग्य वेळी, योग्य स्थळी, ऐपतीप्रमाणे परतफेड करणे. कृतघ्नतेचा क्रम उलटा: परतफेड न करणे सर्वांत सौम्य, उपकार झाकून ठेवणे त्याहून वाईट, आणि उपकार झाल्याचे भानच नसणे सर्वांत गंभीर. देवाच्या बाबतीत तिसरी पायरी शब्दशः शक्य नाही, कारण ज्याला काही उणे नाही त्याला परत काय देणार? म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांचे वजन वाढते.

लूकच्या १७ व्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची कथा हेच दाखवते. येशू त्यांना याजकांकडे जायला सांगतो आणि वाटेत ते बरे होतात. एकच परततो, तोही यहुद्यांनी परका मानलेला शोमरोनी. उरलेले नऊ जण तसे पाहता आज्ञा पाळतच होते. नियमात त्यांचे काही चुकलेले नाही. आणि आभार मानायला आले नाहीत म्हणून त्यांचा रोग परत आल्याचेही कथा म्हणत नाही. दान आभारांवर अवलंबून नाही. परतलेल्याला दात्याची भेट मात्र अधिकची मिळाली.

उपासनेतील आभार

ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी आभारप्रार्थनाच आहे. यहुदी घरांत जेवणापूर्वी आणि जेवणानंतर देवाची स्तुती करण्याची रीत होती. येशूच्या अखेरच्या भोजनातील भाकर आणि प्याला यांवरील प्रार्थना त्याच रीतीतल्या. 'दिदाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तिकेत प्याला आणि भाकर यांवर म्हणावयाच्या आभारप्रार्थना दिलेल्या आहेत. या पुस्तिकेचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल येथे सापडले. आजच्या कॅथलिक मिस्सातही अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणले जातात, तेव्हा धर्मगुरू त्यांचा उल्लेख देवाकडून मिळालेल्या, धरतीने आणि माणसाच्या श्रमाने घडवलेल्या वस्तू असाच करतात. म्हणजे अर्पण म्हणून जे पुढे केले जाते, तेच मुळात मिळालेले असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचे अर्थ वेगळे सांगितले जातात, पण त्यातील आभाराचे स्थान कायम आहे.

शेतीप्रधान प्रदेशांत ही उपकारस्तुती पिकांशी जोडली गेली. गोव्यात सासष्टीतील राय गावी ५ ऑगस्टला कोणसाचें फेस्त होते. धर्मगुरू शेतात जाऊन भाताची पहिली कणसे विळ्याने कापतात, त्यांना आशीर्वाद दिला जातो आणि ती चर्चमध्ये व घराघरांत पोहोचतात. कोकण-गोव्यातील नवान्नाच्या जुन्या रीतीशी या सणाचे नाते उघड आहे. जुन्या करारातील अनुवादाच्या २६ व्या अध्यायातही पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवण्याचा विधी आहे. तेथे शेतकऱ्याने आपल्या पूर्वजांची भटकंती आणि गुलामी आधी उच्चारायची असते. शेवटी परदेशीयासह सर्वांनी मिळून त्या पिकाचा आनंद घ्यायचा असतो. कृतज्ञतेला स्मरणशक्ती लागते आणि पंगतीला परका लागतो, अशी ही रचना आहे.

आडवी परतफेड

दात्याला परत देता येत नाही, तेव्हा परतफेड आडव्या दिशेने वळते. मत्तयच्या १८ व्या अध्यायातील निर्दय दासाच्या कथेतले आकडे येथे हिशेब करून पाहण्यासारखे आहेत. राजा दासाचे १०,००० तालांतांचे कर्ज सोडून देतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, म्हणजे एकूण ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरले तर २ लाख वर्षांची. इतिहासकार योसेफस याच्या नोंदीनुसार हेरोद अंतिपाचे गालील आणि पेरिया या प्रांतांतून येणारे वार्षिक उत्पन्न २०० तालांत होते. कथेतला आकडा फेडण्यासाठी नाहीच, चक्रावून टाकण्यासाठी आहे. सुटलेला दास बाहेर पडताच १०० दीनारांसाठी सोबतच्या दासाची मानगूट धरतो. ही रक्कम क्षुल्लक नाही, तीनेक महिन्यांची कमाई आहे. म्हणूनच कथा खरी वाटते. राजाचा रोष कर्जाबद्दल नाही. मिळालेली माफी पुढे सरकली नाही, याबद्दल आहे.

पौलाने हाच न्याय पैशाच्या व्यवहाराला लावला. मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांकडून त्याने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे ८ वे आणि ९ वे हे दोन अध्याय त्यासाठी खर्ची पडले आहेत. देवाच्या दानाला तो जो शब्द वापरतो, तोच या वर्गणीलाही लावतो. दाखला म्हणून तो मान्ना, म्हणजे इस्राएलांना रानात देवाकडून मिळालेले अन्न, घेतो: ज्याने जास्त गोळा केला त्याला उरला नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडला नाही. निर्गमाच्या कथेत साठवून ठेवलेल्या मान्नात दुसऱ्या दिवशी किडे पडतात. ज्या दानाची साठवण होत नाही, ते वाटावेच लागते.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने लक्षणीय आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु १९०७ मधील आपल्या साक्षीत त्या लिहितात की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तारण विनाअट दान आहे ही जाणीव बऱ्याच वर्षांनी आली. व्रते, तीर्थयात्रा आणि पुराणकथनात बालपण घालवलेल्या, संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या स्त्रीने हे लिहावे याला अर्थ आहे. पुण्य कमावण्याचे कष्ट काय असतात, हे त्यांना आतून ठाऊक होते. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले.

मराठीतील वाट

कृपेचा विचार मराठीत आला तो इथल्याच छंदांतून. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सासष्टीत राहून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. हा पूल योगायोगाचा नाही. आपल्या अंगी काही गुण नसताना देवाने धाव घ्यावी, ही आर्तता वारकरी अभंगांत दाटलेली आहे, आणि कर्मफळाच्या हिशेबापलीकडचे देणे मराठी श्रोत्याला त्यामुळे अनोळखी वाटत नाही. फरक आहे तो इतिहासाशी असलेल्या नात्यात. ख्रिस्ती श्रद्धेत दानाचा संबंध एका विशिष्ट काळी झालेल्या, एका विशिष्ट व्यक्तीच्या मरणाशी अतूटपणे जोडलेला आहे. टिळकांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

विलापाचे स्थान

सर्व काही दान आहे असे म्हटले की दुःखाचे काय, हा प्रश्न येतो. रोगाबद्दल, अकाली मृत्यूबद्दल आभार मानायचे काय? पौल प्रत्येक परिस्थितीत आभार मानायला सांगतो. प्रत्येक परिस्थितीबद्दल आभार मानणे ही वेगळी गोष्ट आहे आणि बहुतेक भाष्यकार ती अपेक्षित धरत नाहीत. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतील बहुतेकांचा शेवट स्तुतीकडे वळतो. ८८ व्या स्तोत्राचा वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरी ते प्रार्थनाग्रंथातून कोणी काढून टाकले नाही. ईयोबाच्या ग्रंथात धीराने सोसणारा ईयोब पहिल्या दोन अध्यायांपुरता आहे. पुढे तो देवाला जाब विचारतो. अखेरीस देव म्हणतो की ईयोब आपल्याविषयी यथार्थ बोलला, त्याचे सांत्वन करणारे धर्मनिष्ठ मित्र नव्हेत. शोकग्रस्ताला कृतज्ञतेचा उपदेश करणाऱ्यांनी हा शेवट जरूर वाचावा.

विकृती

कृपेच्या कल्पनेला तीन रोग वारंवार जडतात. पहिला सवलतीचा: सर्व काही माफच आहे, तर वागणे बदलायचे कशाला? जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात याला स्वस्त कृपा म्हटले. नाझी राजवटीपुढे गप्प बसलेल्या चर्चचे दृश्य त्यांच्यासमोर होते. एप्रिल १९४५ मध्ये त्या राजवटीने त्यांना फाशी दिले. दुसरा रोग व्यापाराचा. विसाव्या शतकात अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स आणि इतर प्रचारकांनी देणगीला विश्वासाचे बीज म्हटले: सेवाकार्याला पैसा द्या, देव तो अनेकपटीने परत करील. येथे दान आणि प्रतिसाद यांचा क्रमच उलटला. माणूस आधी देतो आणि देव ऋणी होतो. पापक्षमापत्रे निदान मृत्यूनंतरच्या शिक्षेबद्दल बोलत. ही शिकवण या जन्मातील मोटारीबद्दल बोलते.

तिसरा रोग सर्वांत सूक्ष्म आहे, कारण तो कृतज्ञतेच्याच वेषात येतो. लूकच्या १८ व्या अध्यायातील परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून प्रार्थना करतो तेव्हा तो काही मागत नाही, आभारच मानतो. आपण इतरांसारखे नाही, त्या जकातदारासारखे तर नाहीच, याबद्दल तो देवाचे उपकार स्मरतो. वाक्यरचना कृपेची आहे, हिशेब पात्रतेचा. सुस्थितीतील समाजांत, चांगल्या घरात जन्मल्याबद्दल देवाचे आभार मानताना, ही प्रार्थना फार सहज ओठांवर येते.

न्यूटनचे उदाहरण

कृपेवरील जगातील सर्वांत परिचित इंग्रजी गीत, 'अमेझिंग ग्रेस', जॉन न्यूटन (१७२५–१८०७) याने इंग्लंडमधील ओल्नी येथे धर्मगुरू असताना १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी लिहिले. मार्च १७४८ मध्ये अटलांटिकवरील वादळात जहाज बुडता बुडता वाचले, तेव्हापासून त्याच्या परिवर्तनाला सुरुवात झाली, असे तो मानी. लोकप्रिय कथा येथे थांबते. प्रत्यक्षात त्यानंतर, १७५० ते १७५४ या काळात, त्याने गुलामवाहू जहाजांचा कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. जहाजावर तो खलाशांसाठी रविवारची प्रार्थना चालवी आणि फळ्यांखाली साखळदंडात आफ्रिकी माणसे असत. त्याने समुद्र सोडला तो प्रकृतीमुळे. गुलामांच्या व्यापारावरील त्याचे जाहीर पत्रक निघाले १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. आपली कबुली उशिरा आली, हे त्यात त्याने स्वतःच मान्य केले आहे.

या उदाहरणाने कृपेच्या परिणामकारकतेचा दावा खोटा ठरतो की तिची गती दिसते, यावर अभ्यासकांत एकमत होणे कठीण. एवढे निश्चित की उपकृत असल्याची तीव्र भावना आणि दुसऱ्याच्या साखळ्या न दिसणे ही दोन्ही एकाच माणसात दीर्घकाळ नांदू शकतात. अक्वायनसच्या पायऱ्यांत पहिली पायरी ओळखण्याची आहे. न्यूटनने आपल्यावरील उपकार लवकर ओळखला, पण आपण कोणाचे देणे लागतो हे ओळखायला त्याला आयुष्य लागले. त्यानंतर मात्र त्याने विल्यम विल्बरफोर्स यांच्या गुलामव्यापारविरोधी मोहिमेला आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष पुरवली. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूटनचे निधन झाले. वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा त्यानंतर १८३३ मध्ये झाला. त्यात भरपाई मिळाली ती मालकांना.